दोन मोर आणि अधूनमधून एक हरीण

सम्राट अशोकाच्या मुलीने बोधिवृक्षाची फांदी गलबतातून सिंहलद्वीपाला नेली, तेव्हा तिच्या वाटेत सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ नव्हता. माझ्या वाटेत होता. तिच्याजवळ रुजलेली, जिवंत फांदी होती. माझ्या पिशवीत पिंपळाचे एकच पान, तेही पाण्यात कुजवून नुसती जाळी उरलेले, आणि त्या जाळीवर औरंगाबादच्या एका चित्रकाराने रंगवलेले ध्यानस्थ बुद्ध. सीमाशुल्क खात्याच्या तांबूस पापण्यांच्या अधिकाऱ्याने ते दिव्यासमोर धरले. पानाच्या शिराशिरांतून उजेड झिरपला, बुद्धांच्या मुखावर सोनेरी जाळे पसरले, आणि क्षणभर मला वाटले, हा मनुष्य आता हात जोडणार.

“हे झाडाचं आहे?” त्याने विचारले.

“पान आहे,” मी म्हणाले. माझ्या इंग्रजीत याहून अधिक युक्तिवाद शिल्लक नव्हता.

“म्हणजे झाडाचंच,” तो खेदाने म्हणाला आणि ते पान एका पारदर्शक पिशवीत घालून त्याने मागच्या पेटीत ठेवून दिले. कुरडया त्याने पाहिल्या, सांडगे पाहिले. काळ्या मसाल्याची पुडी हुंगून तो शिंकत राहिला आणि ती मात्र आदराने परत केली. आपल्या सीमेच्या आत काय येऊ द्यावे, याविषयी प्रत्येक राज्याची काही श्रद्धा असते.

ते पान जिच्यासाठी आणले होते, तिचेही नाव अशोकाच्या मुलीसारखेच संघमित्रा. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी वंदना, तिची ही एकुलती एक लेक. वय वर्षे तेरा, जन्म अमेरिकेतला, शाळेतले नाव ‘सॅम’. ऐंशीचे दशक तेव्हा निम्मे सरले होते. मी औरंगाबादेत महाविद्यालयात मराठी शिकवत होते, हौसेने पालीचाही वर्ग घेत होते, आणि माझा सारा परदेशप्रवास तोवर नकाशावरच घडला होता. वंदनाने विजयादशमीसाठी बोलावून घेतले. आमच्या घराने नागपुरात धम्मदीक्षा घेतली ती विजयादशमीलाच. सम्राट अशोकानेही याच दिवशी धम्म स्वीकारला अशी परंपरा असल्याने आमच्याकडे तिला अशोक विजयादशमी म्हणतात. कॅलिफोर्नियातली काही बौद्ध कुटुंबे एकत्र येऊन ती साजरी करीत, आणि त्या वर्षी अशोकावर बोलण्याची पाळी संघमित्रेची होती. “मावशी, तिला चार वाक्यं मराठीत नीट म्हणता आली तरी पुष्कळ,” वंदना फोनवर म्हणाली होती. मी लगेच होकार दिला. चार वाक्यांसाठी सातासमुद्रापार जाण्याची संधी मराठीच्या शिक्षिकेला वारंवार येत नाही.

विमानतळावर वंदनाचा नवरा प्रकाश आला होता. नागपूरचा इंजिनिअर, इतकी वर्षे अमेरिकेत राहूनही बोलण्यात गावाकडचा मोकळेपणा तसाच. गाडी दक्षिणेला, सांता क्लाराच्या दिशेने निघाली. डाव्या हाताला खाडीचे शिसवी पाणी आणि मिठागरांचा खारट, ओलसर वास. उजव्या हाताला डोंगर, आणि त्यांच्या माथ्यावरून उतू जाणाऱ्या दुधासारखे ओघळणारे धुके. ऑक्टोबर होता. टेकड्यांवरचे गवत उन्हाने वाळून सिंहाच्या आयाळीच्या रंगाचे झाले होते. मधेच निलगिरीचा कडवट-गोड दरवळ गाडीत घुसे आणि निघून जाई. प्रकाश सांगत होता, इथे पूर्वी जर्दाळूच्या बागा होत्या. काही झाडे अजून उभी होती, एखाद्या कचेरीच्या भिंतीला टेकून, लग्नघरात ओळखीचे कोणी न सापडलेल्या पाहुण्यासारखी.

“ती बघा मावशी, आपली कंपनी.”

“कुठं?”

“ती काय, बिस्किटाच्या डब्यावानी.”

इमारत खरोखरच डब्यासारखी होती; खिडकी नाही, दर्शनी पाटीही बेताचीच.

“आणि त्या डब्यात बनतं काय?”

“डब्बेच,” तो हसला. “रडारचे वगैरे. ते जाऊ द्या, तुम्हाला झोप येऊन राहिली असेल.” आणि त्याने लेन (वाहनांसाठी रंगाने आखलेला रस्त्याचा पट्टा) बदलली. पुढल्या काही दिवसांत माझ्या ध्यानात आले की अवघड प्रश्न विचारला की प्रकाश लेन बदलतो. घरात लेन नसतात; तिथे तो फ्रिज उघडतो.

घर लहान पण उजेडाने भरलेले होते. वंदना इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करी आणि घरी येताच, अंगावरचा पांढरा कोटही न काढता, फोडणी टाकी. मक्याच्या देशातल्या टॉर्टिया (मेक्सिकन लोकांच्या चपात्या) तव्यावर भाजून तिने मला पोळी म्हणून वाढल्या. मी त्या पोळी म्हणूनच खाल्ल्या. पाहुणीचा धर्म कठोर असतो. संघमित्रेने मला वाकून नमस्कार केला, ‘हाय, आजी’ म्हणाली आणि पानाची हकिगत ऐकून पोट धरून हसली. “दे अरेस्टेड द बुद्धा?” तिने विचारले. तिच्या दातांना तारा बसवलेल्या होत्या. हसली की त्या चांदीच्या दागिन्यासारख्या चमकत.

पहिल्याच रविवारी मला एक घर दाखवायला नेले. ते त्यांचे नव्हते, व्हायचे होते. ओपन हाउस (विकाऊ घराची दारे ठरावीक वेळ सर्वांना उघडी ठेवण्याची पद्धत) नावाचा तो सोहळा मला आपल्याकडच्या मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमासारखा वाटला. घर टेकडीच्या उतारावर होते. विक्रेत्या बाईंनी भट्टीत दालचिनीची बिस्किटे भाजायला ठेवली होती, त्यामुळे गिऱ्हाईक उंबरठ्यावरच निम्मे जिंकले जाई. वंदना खिडक्यांपाशी उभी राहून पडद्यांचे माप वितीने घेत होती. मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव होता, मोरपिसाच्या डोळ्याइतका निळा. संघमित्रेने बूट काढून पाय पाण्यात सोडले होते आणि कोणत्या मैत्रिणीला कोणत्या शनिवारी बोलवायचे, हे ती मला सांगत होती.

“हे घर घेणार आहात?” मी वंदनाला विचारले.

“याला प्रमोशन मिळालं तर,” ती म्हणाली. “मिळालंच आहे. यानं हो म्हणायचं बाकी आहे. नव्या ग्रुपचा हेड, मावशी. हाताखाली सगळे अमेरिकन.”

“कसला ग्रुप?”

वंदनाने प्रकाशकडे पाहिले. प्रकाशने पाण्याकडे पाहिले.

“मिसाइल्सचा,” तो म्हणाला. “म्हणजे मिसाइल नाही हं. त्याला वाट दाखवायचा भाग. डोळे म्हणा नं. आम्ही फक्त डोळे बनवणार. स्फोट दुसऱ्या डिपार्टमेंटचा.”

त्याने हे विनोदाने म्हटले होते. कोणी हसले नाही, म्हणून तोच थोडा हसला. मग त्याने उरलेले सांगितले. काम गुप्त. आज काय केले हे घरात बायकोलाही सांगायचे नाही. उत्तर विजयादशमीच्या सोहळ्यानंतरच्या सोमवारी द्यायचे. तो असे बोलत होता, जसे त्याला ते पद हवेही आहे आणि ते देणाऱ्यांनी आपला पत्ता विसरावा असेही वाटते आहे.

दसरा त्या वर्षी आठवड्याच्या मध्यावर आला, म्हणून सोहळा येत्या रविवारी ठरला होता. अमेरिकेत तिथीसुद्धा सुटी पाहून येते. या मंडळींची एक रीत मला फार आवडली. भाषण मुलाने करायचे, आणि ते ऐकून उठणाऱ्या प्रश्नांना उत्तरे त्या मुलाच्या वडिलांनी किंवा आईने द्यायची. मुलांचे मराठी प्रश्नांपर्यंत टिकत नाही, म्हणून कोणीतरी ही सोय काढली असावी. पण तिचा परिणाम असा झाला होता की दर वर्षी एक बाप किंवा एक आई दसऱ्याआधी आठवडाभर पुस्तके उघडून बसे. प्रकाश निर्धास्त होता. “कलिंग, तलवार फेकली, बुद्धं सरणं. लोक टाळ्या वाजवतात अन् जेवायला जातात. प्रश्न कोण विचारते?”

मंगळवारी दुपारपासून आमचा अभ्यास स्वयंपाकघरात सुरू झाला. मी कोथिंबीर निवडत होते. संघमित्रा ओट्यावर बसून पाय हलवत होती. युद्ध मी माझ्या परीने रंगवून सांगितले. रणभूमीवरची संध्याकाळ, उलटे पडलेले रथ, नदीचा बदललेला रंग. माझा आवाज मलाच हलवून गेला.

“ओके,” ती म्हणाली. “मग?”

“मग त्याला पश्चात्ताप झाला. त्यानं पुन्हा युद्ध केलं नाही.”

“दॅट्स इट? तो जिंकला, अँड देन ही सेड सॉरी?” ती खाली उतरली. “पण आजी, मंडे मॉर्निंगला त्यानं काय केलं?”

मी अनेक वर्षे शिकवते आहे. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. आमचा अशोक तलवार टाकतो आणि पडदा पडतो. तो दुसऱ्या दिवशी उठून तोंड धुतो, कचेरीत बसतो, हे आमच्या ध्यानातच येत नाही. म्हणून मी तिला सोमवारचा अशोक सांगू लागले. त्याने रस्त्यांवर वडाची झाडे लावली, विहिरी खोदल्या. माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधी वनस्पती जिथे नव्हत्या तिथे नेऊन लावल्या. प्रजेची हकिगत सांगणाऱ्याने मी जेवत असलो तरी, अंतःपुरात असलो तरी, बागेत असलो तरी यावे, असे फर्मान काढले. फाशीची शिक्षा झालेल्यांना तीन दिवसांची मुदत दिली.

“फाशी बंद नाही केली?”

“नाही.”

“आर्मी?”

“ठेवली. अरण्यातल्या लोकांना तर त्यानं बजावलं, मला पश्चात्ताप झाला असला तरी माझ्यात बळ आहे, हे विसरू नका.”

“वाव,” संघमित्रा म्हणाली. “ही साउंड्स लाइक अवर प्रिन्सिपल.”

शिकारीच्या सहली सोडून तो धम्मयात्रेला जाऊ लागला, वृद्धांना भेटू लागला, खेड्यातल्या लोकांशी बोलू लागला, हेही मी सांगितले. माझा अशोक तोच, फिरणारा. आपल्या सोपाऱ्याला जे तुटके शिलाखंड सापडले, त्यांतला एक नेमका या प्रवासाचा आहे. दुसऱ्यात राजाने म्हटले आहे की बायका नाना प्रकारची क्षुल्लक, निरर्थक विधिविधाने करतात.

“तेवढं तिला सांगू नकोस,” फोडणीच्या धुरातून वंदना म्हणाली. “साऱ्या महाराष्ट्रात त्याला हेच दोन दगड ठेवायला सुचले का? फिरा, अन् बायकांना बोला!”

शेवटी मी पहिल्या शिलालेखाकडे आले. राजाच्या मुदपाकखान्यात पूर्वी रोज लाखो प्राणी मारले जात. आता हा लेख कोरला जात असताना, राजा सांगतो, केवळ तीन मारले जातात: दोन मोर आणि एक हरीण; हरीणही नेहमी नाही. आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत.

प्रकाश नुकताच कामावरून आला होता. तो दारातच थांबला. “काय म्हणता मावशी? दोन मोर ठेवले होते?”

“ठेवले होते.”

“अन् ते दगडावर लिवून टाकलं?”

“साऱ्या राज्यभर.”

त्याचा चेहरा खिडकी उघडावी तसा उजळला. “बघा! म्हणजे एकदम बंद नाही केलं. हळूहळू. प्रॅक्टिकल माणूस होता.” त्या क्षणापासून आमच्या घरात मोर शिरले. प्रकाशचा कॉफीचा तिसरा कप हा मोर झाला. वंदना टीव्हीवर बघत असलेली धनाढ्य घराण्यांच्या भानगडींची मालिका हे हरीण. ती नेहमी नाही, फक्त शुक्रवारी. मी चोरून साखर घातलेला चहा घेतला, तेव्हा संघमित्रेने नुसते बोट दाखवले आणि मोराचा केकारव काढला. घर इतके हसत होते की त्यामागे प्रकाश कोणता मोर जपून ठेवतो आहे, हे सर्वांना दिसत असूनही कोणी बोलत नव्हते.

बोलली तीच. गुरुवारी जेवताना तिने भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारले, “बाबा, ज्यांनी त्या तलवारी बनवल्या, द सोर्ड गाइज, त्यांचं काय झालं? राजानं तर सोडून दिलं. दे स्टिल हॅड टु गो टु वर्क, राइट?”

प्रकाशने उठून फ्रिज उघडला. आत बराच वेळ पाहिले. मग काहीही न घेता लावला.

रविवारचा सोहळा शेजारच्या सॅन होझे गावात, जपानी बौद्धांच्या विहाराच्या सभागृहात होता. चंदनाहून वेगळा, पाइनच्या खोडासारखा धुपाचा वास, गुळगुळीत लाकडी जमीन, आणि भिंतीशी रांगेने मांडलेल्या खुर्च्या. देखरेखीला एक जपानी आजी होत्या. जन्म इथलाच, कंबर किंचित वाकलेली.

“तुमच्याकडे विहारात खुर्च्या असतात?” त्यांनी मला विचारले.

“नाही, जमिनीवर बसतो.”

“आम्हीही बसायचो,” त्या म्हणाल्या. “मग अनित्यतेचा धर्म आमच्या गुडघ्यांपर्यंत पोचला.”

पॉटलक (घरोघरचा एकेक पदार्थ आणून मांडलेली पंगत) आधीच मांडून झाले होते. एका टोकाला नागपुरी मटणाचा लालभडक रस्सा, दुसऱ्या टोकाला पाटवड्या आणि पॅनकेकच्या पिठाचे गुलाबजाम. मधल्या सीमेवर भात, दोन्ही राज्यांशी सलोखा राखून. ‘जय भीम’चे आवाज दारातून आत येत होते. त्रिशरण, पंचशील झाले. मुलांच्या जिभेवर पालीही थोडी अमेरिकन झाली होती, पण समुद्र ओलांडणे या भाषेला नवे नाही. सर्वांत वडील म्हणून गजभिये काका अध्यक्षस्थानी बसले. औषधांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, दर वर्षी मुलांना पुठ्ठ्याची तलवार स्वतः करून देणारे. ती चांदीच्या कागदात गुंडाळून टेबलावर ठेवलेली होती.

संघमित्रा उभी राहिली. पहिली चार वाक्ये तिने मराठीत निर्दोष म्हटली आणि माझा विमानप्रवास सार्थकी लागला. मग तिने झाडे, विहिरी, मोर सांगितले. मोरांना हशा मिळाला. तलवार मात्र तिने उचलून फेकली नाही. तिने ती हातात उलटसुलट करून पाहिली.

“सगळे म्हणतात, अशोकनं तलवार टाकली,” ती म्हणाली. “पण कुणीतरी ती बनवली होती. त्या माणसाला मुलं असतील. मग त्यानं काय केलं? इट्स नॉट ऑन एनी रॉक. आजीला पण माहीत नाही.” तिने बापाकडे पाहिले नाही. “आता क्वेश्चन्सची आन्सर्स माझे बाबा देतील.”

सभागृह मोकळेपणाने हसले. प्रकाश उठला. मला वाटले, तो मोरांवर निभावून नेईल; माझ्याच हातून त्याला ती पळवाट मिळाली होती.

“मला वाटते,” तो म्हणाला, “ते कामावर जात राहिले.”

पुन्हा हशा.

“मी पण जातो. तुम्हाला ठाऊक नाही, मी रडारचं काम करतो. आता मला मिसाइलच्या ग्रुपचा हेड करून राहिले. उद्या हो म्हणायचं आहे. एक आठवडा झाला, मी मनात म्हणून राहिलो, मी फक्त डोळे बनवतो. पण ज्याला डोळे आहेत, त्याला दिसते कुठं पडायचं ते. म्हणूनच डोळे करतात. हे मला पहिल्या दिवसापासून समजते, संघमित्रा. मी इंजिनिअर आहे. न समजल्यासारखं करून राहिलो होतो. आणि मला भीती वाटते, नाही म्हणायची पण अन् हो म्हणायची पण. याच्यापुढं मला उत्तर येत नाही.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मटणाच्या रश्शाचा वास एकदम फार मोठा झाला.

गजभिये काका कळवळून म्हणाले, “अरे प्रकाश, असं काय करतोस? आपला माणूस तिथवर पोचला. गोऱ्यांचा साहेब होणार! तुझ्या बापानं गिरणीत उभं आयुष्य काढलं. तो असता तर पेढे वाटले असते त्यानं.”

या वाक्याला वजन होते. सभागृहातल्या प्रत्येक घरात असा एक बाप होता, आणि प्रत्येकजण त्याच्या खांद्यावर पाय देऊन इथवर आला होता.

“वाटले असते, काका,” प्रकाश म्हणाला. “अन् मग विचारलं असतं, कशाचा साहेब झालास? ते मला सांगता आलं नसतं. सांगायची परवानगीच नाही.” मग तो ओशाळून हसला. “अन् तुम्हीच तर दर वर्षी पोरांना तलवार फेकायला लावता नं?”

“अरे, ती पुठ्ठ्याची असते रे बाबा!”

“हो नं. म्हणून तर फेकल्या जाते.”

तेव्हा कुठे लोक हसले, आणि सर्वांत मोठ्याने काकाच. जेवणे झाली. मटण संपले, पाटवड्या संपल्या. गुलाबजामांवरून थोडी झुंबड झाली. कोणी प्रकाशच्या पाठीवर थाप मारली, कोणी त्याला टाळून डबे भरले.

बाहेर वाहनतळावर उतरते ऊन पसरले होते, मधासारखे. वंदना रिकामी पातेली गाडीच्या डिकीत लावत होती. पातेली एकमेकांत बसेनात.

“मी पडद्यांची मापं घेतली होती,” ती प्रकाशकडे न पाहता म्हणाली.

“पाहिलं मी.”

“ते घर मला हवंय. खोटं कशाला बोलू? रोज इस्पितळातून येताना मी त्या रस्त्यानं गाडी घेते, ठाऊक आहे तुला?” एक झाकण खाली पडून गोल गोल फिरत राहिले. ते थांबेपर्यंत ती थांबली. “पण तू संध्याकाळी घरी येणार, मी विचारणार, आज काय केलंस? अन् तू फ्रिज उघडणार. रोज. रिटायर होईस्तोवर. मला नाही असं जगायचं, प्रकाश.”

“मग नाही म्हणू?”

“म्हण. पण उद्या मला आनंद झाला पाहिजे असं नको समजू.”

संघमित्रेने आळीपाळीने दोघांकडे पाहिले. हिशेब तिच्या चेहऱ्यावर पायरीपायरीने उतरत गेला.

“वेट,” ती म्हणाली. “सो... नो पूल?”

“नो पूल,” प्रकाश म्हणाला.

तिने गाडीत बसून दार असे आपटले की जपानी आजी काळजीने खिडकीत आल्या. मी त्यांना हात हलवून सांगितले की सारे क्षेम आहे. ते तितकेसे खरे नव्हते.

सोमवारी प्रकाशने नकार दिला. त्याला कोणी काढले नाही, कोणी पाठही थोपटली नाही. तो पुन्हा आपल्या जुन्या टेबलावर, रडारच्या डब्यांपाशी बसला. त्या नव्या पदावर त्याच्याहून तरुण कोणी आला. “हेही सोडायचं आहे, मावशी. शोधून राहिलो,” तो म्हणाला. “दोन मोर,” वंदना म्हणाली, आणि त्यात टोमणा किती व माया किती, हे मला ओळखता आले नाही. आठवडाभरात मी निघाले. धुके त्या दिवशी डोंगर उतरून थेट धावपट्टीवर आले होते, आणि विमान कितीतरी वेळ कापसात रुतल्यासारखे उभे राहिले.

घरी परतल्यावर लोक विचारतात, अमेरिका कशी आहे? मी रस्ते सांगते, धुके सांगते, दालचिनीचा वास सांगते. अशोकाचे सांगत नाही. तो पाहायला तिकडे कशाला जायला हवे होते, असे कोणी म्हणेल. पण पालीच्या वर्गात शिलालेख शिकवताना एक जुनीच गोष्ट मला टोचू लागली आहे. कलिंगाच्या युद्धाने राजाला झालेले दुःख तेराव्या लेखात आहे. तो लेख गिरनारला आहे, पार वायव्य सरहद्दीवर आहे. कलिंगात मात्र नाही. ज्यांची माणसे गेली त्यांच्या दारातल्या खडकावर त्या जागी दुसराच मजकूर आहे, आणि त्यात राजा म्हणतो, सारी माणसे माझी लेकरे आहेत. अभ्यासक याला राजनीती म्हणतात. मला ती वडीलधाऱ्यांची नेहमीची खोड वाटते: ज्याचे आपण नुकसान केले त्याच्यासमोर उभे राहायची वेळ आली की आपल्या तोंडून ‘बाळा’ एवढेच निघते. सम्राटाला नावे ठेवण्याची माझी पात्रता नाही. त्याने विहिरी खोदल्या. मी फक्त कोथिंबीर निवडत त्यांची माहिती सांगितली.

तरीही त्या सभागृहातला प्रकाश मला पुनःपुन्हा दिसतो. त्याने मुलीला बाळा म्हटले नाही. मोठ्या माणसाच्या प्रश्नाला द्यावे तसे तिला उत्तर दिले, जेवढे येत होते तेवढे, सर्वांदेखत. आणि मग तिनेही, मोठी माणसे करतात अगदी तसेच, मी निघेपर्यंत त्याच्याशी बोलणे टाकले.